लाल दोरा आणि बोटभर रॉकेल

मी एक जुना सोडियमचा तुकडा आहे. एका शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या दारांच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर एक जाड काचेची बाटली आहे. तिच्यात रॉकेल आहे आणि त्या रॉकेलच्या तळाशी मी आहे. इथे आलो तेव्हा साबणाच्या वडीएवढा होतो. आता खोडरबराएवढा उरलो आहे.

मित्रांनो, तुमच्या पुस्तकात माझ्याबद्दल एखादीच ओळ असते. ‘सोडियम हा अतिशय क्रियाशील धातू असून तो पाण्याशी तीव्र अभिक्रिया करतो.’ ओळ खोटी नाही. पण एखाद्या माणसाबद्दल ‘तो फार तापट आहे’ एवढेच सांगून कोणी गप्प बसले, तर तो कशाने तापतो हे तुम्ही विचारालच ना? माझ्या बाबतीत ते कोणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगणार आहे. गोड गोड सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे मूळ घर मिठात. तिथे मी क्लोरीनच्या शेजारी राहत होतो आणि आमचे उत्तम चालले होते. तुम्ही आम्हा दोघांना रोज चिमूट चिमूट खाता, तेव्हा तुमच्या जिभेवर कधी जाळ उठला आहे का? नाही ना? मग एका कारखान्यात आम्हाला मोठ्या भट्टीत घालून वितळवले आणि आमच्यातून वीज सोडली. क्लोरीन एका बाजूने वायू होऊन गेला. मी दुसऱ्या बाजूला रुपेरी, पातळ असा गोळा झालो. मला साच्यात ओतले, थंड केले, तेलात बुडवले आणि झाकण लावले. त्या दिवसापासून माझ्या बाटलीवर ‘धोका’ लिहिलेले आहे. मला घरातून ओढून काढणाऱ्या भट्टीवर तसे काही लिहिलेले मी पाहिले नाही.

आता माझ्या तापटपणाचे सांगतो. माझ्या प्रत्येक अणूत अकरा इलेक्ट्रॉन आहेत. आतल्या खोलीत दोन, मधल्या खोलीत आठ, आणि बाहेर पायरीवर एकटाच एक. आतल्या दोन्ही खोल्या भरलेल्या आहेत, त्यामुळे तिथे कसलीच कुरबुर नसते. पायरीवरचा तो एकटा मात्र केंद्रापासून लांब. मधले दहा जण आड येतात, म्हणून केंद्राची ओढ त्याच्यापर्यंत जेमतेम पोहोचते. कोणी जरा हात पुढे केला की मी तो देऊन टाकतो. पाणी तो घेते. या देवघेवीत पुष्कळ ऊर्जा सुटते आणि तिची उष्णता होते. पाण्यातला हायड्रोजन वायू होऊन बाहेर पडतो आणि त्याच उष्णतेने पेटतो. आवाज त्याचा, जाळ त्याचा, नाव मात्र माझे! ज्वाळेचा पिवळा रंग तेवढा माझा असतो, ते मी कबूल करतो.

शेजारच्या बाटलीत पोटॅशियम राहतो. त्याच्या घरात आणखी एक खोली आहे, त्यामुळे त्याचा एकटा इलेक्ट्रॉन माझ्यापेक्षाही लांब बसतो आणि माझ्यापेक्षाही लवकर सुटतो. म्हणून तो माझ्याहून तापट. खालच्या फळीवर जस्त आणि तांबे असतात. ते थंड डोक्याचे, कारण आपले इलेक्ट्रॉन ते सहजासहजी सोडत नाहीत. सोने तर कोणालाच काही द्यायला राजी नसते. त्याला लोक अंगावर मिरवतात. मी मागितल्याबरोबर देतो, तर मला कुलपात ठेवतात. जगाची रीत आहे, आपण काय बोलणार?

या शाळेत मला पहिल्यांदा हातात घेतले ते प्रयोगशाळेच्या काकांनी. काका शिक्षक नव्हते. नळ्या धुणे, दिवे भरणे, बाटल्या मांडणे आणि पळणाऱ्या मुलांवर ओरडणे, एवढे त्यांचे काम. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. पण एकदा पाहिलेले ते विसरत नसत. माझी बाटली उजेडात धरून त्यांनी मला सगळ्या बाजूंनी पाहिले आणि म्हणाले, “या तापटराव! तुम्हाला पाण्याचं वावडं, मला दंग्याचं. आपलं जमेल.”

आणि आमचे जमले. वीस वर्षे जमले.

दर शनिवारी शाळा सुटली की काका ते कपाट उघडत. त्याला ते कोरडे कपाट म्हणत, कारण त्यातल्या बाटल्यांना पाणी चालत नसे. प्रत्येक बाटली ते डोळ्यांसमोर धरून तेल बघत. रॉकेल हळूहळू उडून जाते. ते माझ्या डोक्याखाली उतरले की हवेतली ओल मला लागते आणि माझ्या अंगावर पांढरी साल चढते. पोटॅशियमवर चढणारी साल तर अशी की तिला जुनी झाल्यावर नुसती सुरी लावली तरी धोका. म्हणून काकांनी एक युक्ती काढली होती. छापील लेबले तेलाने सुटून पडत, त्यांच्यावरची शाई फुटे. काकांनी प्रत्येक बाटलीला, तेल जिथवर हवे तिथे, एक लाल दोरा बांधला. दोरा आणि तेल यांच्यात बोटभर फट पडली की ते वर तेल ओतत. त्यासाठी त्यांना काही वाचावे लागत नसे.

त्या दोऱ्याला दुसरेही काम होते. प्रयोगशाळा झाडायला आणि काचसामान धुवायला एक मावशी येत. त्यांना अक्षरओळख नव्हती. पहिल्याच दिवशी काकांनी त्यांना कपाटासमोर उभे केले.

“मावशी, हे नीट बघून घ्या. लाल दोरा दिसला की हात मागे. पाणी नाही, ओला फडका नाही, काही नाही.”

“आणि दोरा नसला तर?”

“नसला तर बिनघोर धुवा.”

“एवढंच ना? मग सोपं आहे,” मावशी म्हणाल्या. त्यानंतर इतकी वर्षे त्यांनी लाल दोऱ्याच्या बाटलीला कधी बोट लावले नाही. फरशी पुसताना बादलीसुद्धा त्या कपाटापासून चार हात लांब ठेवत. वाचता येणाऱ्या पुष्कळ लोकांनी वाचलेले जेवढे पाळले नाही, तेवढे त्या बाईने पाहिलेले पाळले.

माझ्या कामाचे दिवस वर्षातून चार-पाच येत. काका मला चिमट्याने बाहेर काढत, कागदाने टिपत आणि सुरीने मोहरीएवढा तुकडा कापत. तो तुकडा काचेच्या परातीतल्या पाण्यावर टाकला की वर तरंगे, वितळून त्याचा गोल मणी होई आणि तो सुंसुं करत इकडून तिकडे पळे. मुले बाकांवर उभी राहत. पाण्यात रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकले की पाणी गुलाबी होई. मग टाळ्या! टाळ्या संपल्या की घंटा, आणि घंटा झाली की कपाट. गरज सरो, वैद्य मरो. मला त्याचे फारसे काही वाटत नसे. काकांना माझी आठवण होती आणि तेवढी मला पुरत होती.

कापताना निघालेली साल आणि उरलेले बारीक तुकडे काका टाकून देत नसत. ते एका छोट्या बरणीत, तेलात ठेवत. त्या बरणीलाही लाल दोरा होता. वर्ष संपताना, एखाद्या कोरड्या दिवशी, खिडकीशी बसून ते एकेक तुकडा स्पिरिटमध्ये सोडत. स्पिरिटमध्ये मी भडकत नाही. बुडबुडे सोडत सोडत निवांत संपतो. एकदा एका मुलाने विचारले, “काका, एवढा वेळ कशाला घालवता? बेसिनमध्ये टाका की.” काका म्हणाले, “अरे, तापट माणसालासुद्धा शांतपणे जायचा हक्क असतो.” मुले हसली. मी हसलो नाही.

त्या मुलांत एक मुलगी होती. अंगाने बारीक आणि अखंड बोलणारी. काका तिला चिमणी म्हणत. बाकीची मुले जाळ बघायला यायची. ही मात्र मधल्या सुट्टीत येऊन विचारायची, “काका, याला असं का होतं?” काकांना पायरीवरच्या इलेक्ट्रॉनचे काही माहीत नव्हते. ते म्हणाले, “मला कुठे येतंय? तू शीक आणि मला सांग.” ती खरेच शिकून आली आणि तिने खडूने फरशीवर घर काढून काकांना समजावले. दोन खोल्या आणि बाहेर पायरी. मी तुम्हाला मघाशी सांगितले ते तिचेच आहे. त्या दिवशी बक्षीस म्हणून काकांनी तिला हातमोजे घालायला दिले आणि मला कापू दिले. सुरी आतून गेली आणि माझा नवा पृष्ठभाग आरशासारखा चमकला. तो क्षणभरच तसा राहतो, मग हवेने काळवंडतो. ती ओरडली, “काका, किती सुंदर आहे हा!”

मला भयंकर, धोकादायक, वाह्यात असे पुष्कळ जण म्हणाले आहेत. सुंदर म्हणणारी ती एकच. हे वाक्य मी फार वर्षे जपून ठेवले होते. आता ते आठवले की माझे मन विटते.

चिमणी मोठी झाली, शाळेतून गेली आणि बारा-तेरा वर्षांनी याच शाळेत विज्ञानाच्या बाई होऊन परत आली. काकांना कोण आनंद झाला! पहिल्या दिवशी ते दारात उभे राहून म्हणाले, “या बाई.”

“काका, बाई काय म्हणता? चिमणी म्हणा.”

“मुलांसमोर बाई. मुलं गेली की चिमणी.”

तसेच चालले. मुले गेली की ती काकांच्या स्टुलावर बसून डबा खाई आणि म्हणे, “तापटराव काय म्हणतायत?” काका म्हणत, “तेल मागतायत.” मला वाटले, आपली म्हातारपणाची सोय झाली. काका निवृत्त होतील तेव्हा ही आहेच. दोऱ्याचा अर्थ हिला माहीत आहे.

त्या वर्षी शाळेची तपासणी ठरली. शाळेत धांदल उडाली. भिंती रंगल्या, बाकांचे खिळे ठोकले गेले. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. मोठे सर प्रयोगशाळेत आले आणि कोरड्या कपाटासमोर थबकले.

“हे काय? बाटल्यांना दोरे? प्रयोगशाळा आहे की मांत्रिकाचं दुकान?”

काका तेव्हा नव्हते. त्यांच्या लेकीचे दिवस भरले होते आणि तिच्या गावी ते दोन दिवसांच्या रजेवर गेले होते. रजेच्या अर्जावर मोठ्या सरांचीच सही होती. जाताना किल्ल्या चिमणीकडे देऊन काका म्हणाले होते, “कोरड्या कपाटाला मी येईपर्यंत हात लावू नका. बरणीत तुकडे फार साठलेत. कार्यालयात तीनदा अर्ज दिला, स्पिरिट काही आलं नाही. आलो की बघतो.” ती म्हणाली होती, “तुम्ही निर्धास्त जा.”

“सर, ते दोरे काकांचे आहेत,” ती आता म्हणाली. “तेल किती आहे ते बघायला.”

“बाई, तपासणीला येणारे लोक दोरे वाचत नाहीत, लेबलं वाचतात. उद्या सकाळपर्यंत सगळे दोरे निघाले पाहिजेत आणि छापील लेबलं लागली पाहिजेत.” आणि दारातून जाता जाता त्यांनी मागे वळून पाहिले. “तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत. तुमचं कामही बघणार आहेत ते लोक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीने कात्री घेतली. माझ्या बाटलीशी तिचा हात थांबला होता, हे मी पाहिले. मग कात्री चालली. एकेक करून सगळे दोरे निघाले. तिने ते टाकून दिले नाहीत. मुठीत गोळा करून टेबलाच्या खणात ठेवले. नंतर पुन्हा बांधीन असे तिच्या मनात असावे. बाटल्यांवर नवी पांढरी लेबले बसली. दिसायला कपाट छान दिसू लागले.

बरणीचाही दोरा निघाला, पण ती तेवढी बिनलेबलाची राहिली. ती यादीत नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी लेबल छापलेले नव्हते. तिचे काय करायचे ते काकांनाच विचारू, असा विचार करून चिमणीने ती बाहेर काढली आणि ठेवली. कुठे ठेवली? धुवायच्या काचसामानाच्या टेबलावर, परीक्षानळ्यांच्या शेजारी. तिथे जागा होती म्हणून. मग ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीवर तक्ते लावू लागली.

मित्रांनो, पुढचे मी भरभर सांगतो.

मावशी आल्या. टेबलावर धुवायचे सामान होते आणि त्यात एक तेलकट, कळकट, छोटी बरणी होती. मावशींनी ती उचलली आणि चारी बाजूंनी फिरवून पाहिली. त्या दोरा शोधत होत्या. दोरा नव्हता. नसला तर बिनघोर धुवा, असे वीस वर्षांपूर्वी ठरले होते. त्यांनी बरणीतले तेल बेसिनमध्ये ओतले आणि नळ सोडला.

ते तुकडे माझेच होते. माझ्या अंगावरून निघालेले, वर्षभर साठलेले. मोहरीएवढा एक तुकडा परातीत पळतो तेव्हा टाळ्या पडतात. इथे मूठभर तुकडे होते आणि वरून पाण्याची धार होती. कपाटाची काच तडकली एवढा आवाज झाला. नळाखालचे बेसिन फुटले. मावशींच्या तोंडावर पाणी उडाले, पण ते आता साधे पाणी राहिले नव्हते. मी ज्यात मिसळतो ते पाणी दाहक होते, कातडी खाते. मावशी डोळा धरून खाली बसल्या.

शेजारच्या वर्गातले शिक्षक बादली घेऊन धावत आले. आणि चिमणी किंचाळली, “पाणी लावू नका! सोडियम आहे!” तिने त्यांच्या हातातली बादली धरली.

ती घाबरली होती, हे मला मान्य आहे. पण तिने शिकलेले अर्धेच आठवले. मला पाणी लावू नये हे खरे. पण माझे काम संपून गेले होते. उरले होते ते दाहक पाणी, आणि डोळ्यातले दाहक पाणी घालवायला भरपूर स्वच्छ पाणीच लागते, ताबडतोब आणि बराच वेळ. काका असते तर त्यांनी मावशींचे डोके नळाखाली धरले असते. इथे वाद झाला, फडका शोधला गेला, गाडी बोलावली गेली. डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो डोळ्याला पाणी लागले नाही. मावशींचा उजवा डोळा गेला.

काका दुसऱ्या दिवशी परतले. लेकीला मुलगा झाल्याचे पेढे वाटायचे त्यांच्या मनात असेल. पिशवी हातातच होती. फुटलेले बेसिन पाहून ते तसेच बाकावर बसले. मग उठून कपाटाशी आले, माझ्या बाटलीच्या काचेवरून त्यांनी बोट फिरवले, जिथे दोरा होता तिथे.

आठवड्याने चौकशी झाली. तीन माणसे माझ्याच समोर टेबल मांडून बसली. एकाने विचारायचे, एकाने लिहायचे आणि एकाने मान हलवायची अशी विभागणी होती. मावशींना पट्टी बांधलेल्या डोळ्याने आणून बसवले.

“मावशी, तुम्ही बरणी न विचारता का धुतलीत?”

“दोरा नव्हता साहेब.”

“कसला दोरा?”

“लाल. दोरा असता तर मी हात लावला नसता. दोरा नव्हता.” एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. लिहिणाऱ्याने विचारणाऱ्याकडे पाहिले आणि लिहिले, ‘कर्मचाऱ्यांत अंधश्रद्धा आढळते.’ ते त्याने मोठ्याने वाचूनही दाखवले.

मग काकांना बोलावले.

“दोरे तुम्ही बांधलेत? कोणाच्या परवानगीने?”

“परवानगी नव्हती साहेब. गरज होती.”

“निरक्षर बाईला रासायनिक बाटल्या हाताळायला तुम्ही शिकवलंत?”

“हाताळायला नाही, न हाताळायला शिकवलं. दोरे मी बांधले. मी गेलो तेव्हा होते. आलो तेव्हा नव्हते.”

“घातक पदार्थ मागे टाकून रजेवर गेलात.”

“रजा मंजूर होती. स्पिरिटसाठी तीन अर्ज दिलेत. कार्यालयात बघा.” कार्यालयाने कानावर हात ठेवले. एकही अर्ज सापडला नाही.

शेवटी चिमणीला बोलावले. मोठे सर तिच्या मागेच उभे होते. विचारणाऱ्याने चष्मा पुसत विचारले, “बाई, या बाटल्यांना असे काही दोरे होते का? ते कोणी काढले?”

मी बाटलीच्या तळातून पाहत होतो. काका बाकावर मान वर करून बसले होते. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, उलट खात्री होती. लहानपणी तिला उत्तर येत असले की बघत, तसे ते तिच्याकडे बघत होते. मावशींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. दोरे त्याच टेबलाच्या खणात होते, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. खण ओढला असता तरी पुरले असते. बोलायचीही गरज नव्हती.

“मला नक्की आठवत नाही,” चिमणी म्हणाली.

काकांची मान हळूहळू खाली गेली. अहवाल झाला. त्यात लिहिले होते की अपघाताचे कारण सोडियमचा स्फोटक स्वभाव आणि प्रयोगशाळा परिचराचा निष्काळजीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि त्या संन्याशाच्या जोडीला मी! दोरा हा शब्द त्या अहवालात अंधश्रद्धेच्या ओळीपलीकडे कुठेच नव्हता. निवृत्तीला सात महिने उरले असताना काकांना कामावरून काढले. मावशींना ‘आता तुम्हाला झेपायचं नाही’ असे सांगून घरी बसवले. तपासणी पुढे ढकलली होती, ती महिन्याने झाली. तपासणीला आलेल्या लोकांनी कपाटातली लेबले पाहून समाधान व्यक्त केले. चिमणी कायम झाली.

काका किल्ल्या द्यायला आले तो शनिवार होता. शाळा सुटली होती. चिमणी टेबलाशी वह्या तपासत बसली होती. ती उठून उभी राहिली. “काका, मी…” ती म्हणाली.

“कपाट एकदा बघून घेतो,” काका म्हणाले. त्यांनी बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या आणि तेल वर आणले. माझी बाटली त्यांनी सगळ्यात शेवटी धरली. या वेळी ते मला तापटराव म्हणाले नाहीत. झाकण घट्ट करून त्यांनी मला जागेवर ठेवले आणि किल्ल्या ठेवायला टेबलाचा खण ओढला.

लाल दोऱ्यांचा पुंजका तिथेच होता. प्रत्येक दोरा कात्रीने सरळ कापलेला.

काकांनी ते दोरे पाहिले. तिने काकांना पाहताना पाहिले. काकांनी किल्ल्या दोऱ्यांशेजारी ठेवल्या आणि आवाज न करता खण लावून टाकला.

“तेल बघत जा, बाई,” ते म्हणाले.

खोलीत तिसरे कोणी नव्हते. मुले कधीच घरी गेली होती. काका बाहेर पडले आणि चिमणी तिथेच उभी राहिली. नंतर ती खुर्चीत बसून रडली. मी ते पाहिले, पण मला तिची दया आली नाही. माझा स्वभाव स्फोटक आहे ना? तसे लिहूनच ठेवले आहे.

या गोष्टीला आता दीड वर्ष झाले. मागच्या महिन्यात इथे प्रयोगशाळेतच माझा धडा झाला. प्रयोग झाला नाही, प्रयोगावर बंदी आहे. बाईंनी फळ्यावर घर काढले. दोन खोल्या आणि बाहेर पायरी. फार छान समजावतात त्या, हे मी रागातही नाकारणार नाही. शेवटी एका मुलीने हात वर केला.

“बाई, म्हणजे सोडियम नुसता देतो आणि पाणी नुसतं घेतं. मग स्फोट झाला तर चूक कोणाची? सोडियमची की पाण्याची?”

बाईंच्या हातातला खडू थांबला. “दोघांचीही नाही,” त्या म्हणाल्या. “ज्याने त्यांना जवळ आणलं त्याची.”

“हे लिहून घ्यायचं का, बाई?”

“नको,” बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या. पण मुलीने ते वहीत लिहिले होते, आणि खाली रेघही मारली होती.

मित्रांनो, कोणी तापट म्हणून हिणवला गेला तर त्याला कशाजवळ नेऊन ठेवले होते, तेही एकदा बघा. मला शांत ठेवायला फार काही लागत नाही. बोटभर रॉकेल आणि शनिवारी बघणारा एक माणूस, एवढ्यावर मी वीस वर्षे कोणाच्या केसालाही धक्का न लावता काढली. तुमच्या शाळेत, तुमच्या घरात एखाद्या साध्या माणसाने कुठे काही खूण करून ठेवलेली दिसली, दोरा, चिंधी, खडूची रेघ, आणि ती तुम्हाला वेडगळ वाटली, तर पुसण्याआधी त्याला जाऊन विचारा की ही कशासाठी आहे.

माझ्या कपाटाच्या किल्ल्या अजून त्याच खणात आहेत. तो खण बाई उघडत नाहीत, म्हणून कपाटही उघडले जात नाही. दीड वर्षात तेल माझ्या डोक्याखाली उतरले आहे आणि अंगावर पांढरी साल चढू लागली आहे. शेजारी पोटॅशियमची दशा माझ्याहून वाईट आहे. बाटलीवर दोरा नाही, त्यामुळे तेल किती उतरले ते बाहेरून कोणाला कळत नाही. गेल्या आठवड्यापासून झाडायला नव्या बाई येतात. परवा त्यांनी कपाटाची काच पुसली आणि आत डोकावून म्हणाल्या, “किती धूळ बसलीये या बाटल्यांवर! एकदा सगळ्या धुऊन काढायला हव्यात.” त्यांना ओरडून सांगावे असे फार वाटले. पण मला मोठ्याने एकच गोष्ट बोलता येते, आणि ती बोलायला मला पाणी लागते.